गळा एक, विद्या तीन : परविद्याप्रवेशाचा नैतिक प्रश्न

१

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. नागपुरात ‘रंजन कला मंदिर’ उभे करणारा नाटककार आणि नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्यापाशी गाण्याचे आरंभीचे शिक्षण घेतलेले वसंतराव देशपांडे यांचा योग या नाटकात जुळून आला. या नाटकाचा विचार बहुधा दोन घराण्यांच्या गायकींतील संघर्ष म्हणून केला जातो, आणि तो चुकीचा नाही. परंतु त्या संघर्षाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो गायकीचा नसून विद्येच्या नीतीचा आहे. खाँसाहेब आफताब हुसेन यांची विद्या त्यांच्या घराण्याची आहे. सदाशिव ती ओळख लपवून, आडून ऐकून मिळवू पाहतो. राजगायकाचा मान म्हणून मिळालेल्या कट्यारीला एक खून माफ आहे. म्हणजे विद्येच्या दारावर जो पहारा आहे, त्याच्या हाती प्रत्यक्ष शस्त्र आहे. सदाशिवाने केली ती चोरी की साधना, याचा निवाडा नाटक प्रेक्षकाच्या रसिकतेवर सोपवते आणि प्रेक्षक तो सदाशिवाच्या बाजूने देऊन मोकळा होतो.

हा निवाडा इतका सोपा आहे काय? विद्यापीठीय संशोधनात आज ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाला जे महत्त्व आले आहे, त्या संदर्भात हा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय अध्ययनाचा पुरस्कार केला असून, परक्या विद्येच्या दाराशी उभा असलेला संशोधक आता चोर तर ठरत नाहीच, उलट त्याचे स्वागत होते. पहारा उठला आहे. परंतु पहारा उठला म्हणून दारातून आत जाणाऱ्याची जबाबदारी संपते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक विशिष्ट क्षेत्र समोर ठेवणे इष्ट होईल. गाणाऱ्या मनुष्याचा गळा हे ते क्षेत्र होय. ऑपेरा आणि मराठी संगीत नाटक हे एकच प्रकार नव्हेत. ऑपेरात संवादसुद्धा बहुधा गायिले जातात, तर १८८० च्या ‘संगीत शाकुंतला’पासून मराठी रंगभूमीवर गद्य आणि पद आलटून पालटून येत राहिले. तथापि ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी दोहोंनाही एकाच साधनावर विसंबावे लागे, ते म्हणजे अख्खे नाट्यगृह भरून टाकणारा मानवी गळा. त्या गळ्याचा इतिहास रंगभूमीचा अभ्यासक लिहितो, त्याची व्यथा रुग्णालयातील वैद्य पाहतो, आणि त्यातून निघणारी कंपने कंपनशास्त्राचा अभियंता मोजतो. गळा एक, विद्या तीन. या तिन्हींतून ये-जा करू पाहणाऱ्या संशोधकाला कोणता अधिकार असतो आणि त्याच्यावर कोणते बंधन असते, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

‘अधिकार’ हा शब्द भारतीय ज्ञानपरंपरेत निष्पाप नाही. वेदान्ताच्या ग्रंथांत अधिकारी कोण, हा प्रश्न विषय आणि प्रयोजन यांच्या जोडीने आरंभीच येतो. त्यामागे जिज्ञासूच्या सिद्धतेचा विचार होता हे मान्य केले, तरी ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणाची परंपरागत भाष्ये वाचणाऱ्याला हेही मान्य करावे लागते, की ही सिद्धता जन्माने ठरविली गेली. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी ज्या व्यवस्थेवर घाव घातला, ती ज्ञानाच्या मक्तेदारीचीच व्यवस्था होती. म्हणून ‘तुमचा अधिकार काय?’ असा प्रश्न कोणी विचारला की मराठी वाचकाच्या मनात एक रास्त संशय उभा राहतो. विद्येच्या शुद्धतेची काळजी करणारा खरोखर विद्येची काळजी करीत आहे की आपल्या वतनाची, असा तो संशय असतो. केशवराव भोळे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून संगीताची वाट धरली, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’चे आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचे संगीत दिले, आणि गायकांवर समीक्षा लिहिताना ‘एकलव्य’ हे टोपणनाव घेतले. त्या नावाची निवड बोलकी आहे. ज्याला शिकवले गेले नाही आणि शिकल्याची किंमत मात्र ज्याच्याकडून वसूल केली गेली, असा तो विद्यार्थी होता.

तेव्हा अधिकाराची जुनी कल्पना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पण तिचा त्याग केल्यावर जी मोकळी जागा उरते, तिच्यात काय घडू शकते याचे उदाहरण १९९६ साली मिळाले. अमेरिकेतील ॲलन सोकल या भौतिकीच्या प्राध्यापकाने पुंजगुरुत्वाविषयी मुद्दाम निरर्थक विधाने करणारा एक निबंध ‘सोशल टेक्स्ट’ या सांस्कृतिक समीक्षेच्या नियतकालिकाकडे पाठविला. संपादकांनी तो छापला, आणि लगेचच सोकलने ते विडंबन होते असे जाहीर केले. या प्रकरणातून साहित्यसमीक्षकांनी विज्ञानाला हात लावू नये असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. तो निष्कर्ष घाईचा आहे. परक्या विद्येत प्रवेश करणे हा संपादकांचा दोष नव्हता. त्या विद्येच्या जाणकाराकडून निबंध तपासून न घेता तिच्या शब्दांची झळाळी त्यांनी स्वीकारली, हा त्यांचा दोष होता. त्यांनी दार उघडले, पण ज्या घरातून पाहुणा आला असे सांगत होता त्या घरी चौकशी केली नाही.

म्हणजे दोन टोके दिसतात. एका टोकाला कट्यार आहे, दुसऱ्या टोकाला सताड उघडे दार. या दोहोंच्या मध्ये उभे राहता येईल अशी जागा आहे काय?

३

युरोपीय इतिहासात ऑपेरा, रुग्णालय आणि कंपन ही तिन्ही एका माणसापाशी एकत्र आल्याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ग्राझ येथे १७२२ साली जन्मलेला वैद्य व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयात काम करीत असे. छातीवर बोटांनी ठोकले असता निघणाऱ्या नादावरून आत हवा आहे की द्रव साचला आहे हे ओळखता येते, हे त्याने १७६१ साली एका छोट्या लॅटिन ग्रंथात मांडले. पुढे १७८१ साली, अंतोनिओ सालिएरी याच्या एका जर्मन ऑपेराची संहिताही त्यानेच लिहिली. धुराडी साफ करणाऱ्याची ती गोष्ट होती. आउएनब्रुगरचे वडील खानावळवाले असून पिंपावर टिचकी मारून आतील मद्याची पातळी ते ओळखीत, आणि मुलाने तेच छातीवर केले, अशी कथाही सांगितली जाते.

तिन्ही विद्यांतून फिरणाऱ्या संशोधकासाठी हा माणूस म्हणजे मोठे आमिष आहे. संगीताच्या कानाने वैद्यकाला नवी श्रवणशक्ती दिली, आणि व्हिएन्नाच्या रंगभूमीवरील नाद रुग्णालयात पोहोचला, असे एक देखणे वाक्य येथे सहज लिहिता येते. परंतु पुस्तक १७६१ चे आणि ऑपेरा १७८१ चा. संहिताकार असणे म्हणजे स्वरांचा जाणकार असणे नव्हे, कारण संहितेत शब्द असतात आणि स्वर सालिएरीचे होते. एका माणसाच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीतून दुसरी निष्पन्न झाली असे ठरत नाही. साहचर्य आणि कार्यकारणभाव यांतील हा भेद भारतीय न्यायशास्त्राला अपरिचित नव्हता. व्याप्ती सिद्ध झाल्याशिवाय अनुमान उभे राहत नाही, हे नैयायिकाने फार पूर्वी सांगितले आहे. आंतरविद्याशाखीय लेखनाचा सर्वांत मोठा दोष हाच, की व्याप्तीच्या जागी ते योगायोगाची रमणीयता ठेवते.

आउएनब्रुगरने स्वतः काय केले ते मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. छातीच्या नादावरून केलेले निदान तो मृत्यूनंतरच्या विच्छेदनाशी ताडून पाही, आणि प्रेतांच्या छातीत द्रव भरून, पातळीनुसार नाद कसा बदलतो हेही त्याने तपासले. नाद ऐकण्याची कला त्याने कोठूनही आणलेली असो, तिचा निवाडा त्याने रुग्णालयाच्या न्यायासनापुढे होऊ दिला. समकालीनांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. कॉर्व्हिझार या फ्रेंच वैद्याने १८०८ साली त्याच्या ग्रंथाचा विस्तृत अनुवाद प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर वर्षभरातच आउएनब्रुगर वारला. पण त्याचे म्हणणे तपासता येण्याजोगे होते, म्हणूनच ते त्याच्या मागे टिकले.

४

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. मॅन्युएल गार्सिया हा ऑपेराच्या घराण्यातला गायनशिक्षक होता. त्याच नावाचे त्याचे वडील रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेराच्या १८१६ मधील पहिल्या प्रयोगात गायले होते, आणि मारिया मालिब्रान व पोलीन व्हियार्दो या त्याच्या बहिणी विख्यात गायिका होत्या. गाताना गळ्यात नेमके काय घडते, हे पाहण्याची त्याला इच्छा होती. १८५४ साली त्याने एक छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. हे निरीक्षण १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ट्यूर्क आणि चेर्माक या वैद्यांनी ही पद्धत रोगनिदानासाठी वापरात आणली. पुढे कोनिग्सबर्ग विद्यापीठाने या गायनशिक्षकाला वैद्यकाची सन्माननीय पदवीही दिली. म्हणजे येथे कार्य आधी आले, अधिकारपत्र नंतर.

गार्सियाच्या प्रवेशात दोन गोष्टी नैतिक दृष्ट्या महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की प्रयोगाचा धोका त्याने स्वतःच्या गळ्यावर घेतला. दुसरी ही, की त्याने पाहिलेले दुसऱ्या कोणालाही पाहता येत होते. ‘मला दिसले’ यापाशी न थांबता तो ‘तुम्हीही पाहा’ म्हणू शकला, आणि वैद्यांनी खरोखरच पाहिले.

परंतु असा यशस्वी प्रवेशच तेवढा नीतिमान असतो असे मानले, तर नीतीची यशाशी गल्लत होईल. म्हणून चुकलेल्या माणसाचेही उदाहरण घेतले पाहिजे. राऊल ह्यूसाँ हा गणिताची पार्श्वभूमी असलेला फ्रेंच संशोधक. १९५० साली पॅरिसमध्ये त्याने एक धाडसी सिद्धांत मांडला. स्वरतंतूंचे प्रत्येक कंपन म्हणजे मेंदूकडून आलेल्या एकेका चेतासंदेशाचे फळ होय, असे त्याचे म्हणणे होते. त्याच धोरणाने त्याने स्वरयंत्राकडे जाणाऱ्या चेतातंतूची उद्दीपनक्षमता मोजून ऑपेरागायकांच्या आवाजांचे वर्गीकरणही केले. ऑपेराच्या परंपरेने कानाने ठरविलेले उंच आणि खर्जाचे आवाज आता रुग्णालयातील उपकरणाने ठरतील, असा त्याचा अर्थ होता. तीन विद्यांचे इतके एकसंध मीलन क्वचितच झाले असेल.

सिद्धांत टिकला नाही. स्त्रीगायिकेचा उंच ‘सी’ हा स्वर सेकंदाला सुमारे १०४६ कंपनांचा असतो. इतक्या वेगाने स्नायू सुटासुटा आकुंचन पावू शकत नाही. त्याआधीच ती आकुंचने एकमेकांत मिसळून जातात. शिवाय मृत देहातून काढलेल्या स्वरयंत्रातून हवा फुंकली, तर चेतासंदेश मुळीच नसतानाही स्वर निघतो. नेदरलँड्समधील व्हान डेन बेर्ख याने १९५८ साली स्नायूंचा ताण, ऊतींची लवचिकता आणि हवेचा प्रवाह यांच्या परस्परक्रियेतून कंपन उत्पन्न होते असे मांडले, आणि पुढील संशोधन मुख्यतः त्याच दिशेने गेले. ह्यूसाँ चुकला. पण तो चुकला हे दाखवता आले, यातच त्याच्या लेखनाची प्रतिष्ठा आहे. त्याने केलेली विधाने शरीरशास्त्र आणि कंपनशास्त्र यांच्या कसोटीला लावता येण्याइतकी स्पष्ट होती. सोकलने रचलेल्या विडंबनात एकही विधान असे नव्हते. ह्यूसाँ आणि विडंबनातील तो काल्पनिक पंडित यांच्यातील फरक ज्ञानाच्या परिमाणाचा नाही. एक परक्या घरात उत्तर देण्यास बांधील राहतो, दुसरा तेथून केवळ शब्द उचलून आणतो.

अर्थात स्पष्टता हीच संपूर्ण नीती नव्हे. असा सिद्धांत तपासून होण्यापूर्वी गायनशाळांत अमलात आला असता, तर त्याची किंमत ह्यूसाँने नव्हे, चुकीच्या पट्टीत गळा ताणणाऱ्या विद्यार्थ्याने मोजली असती. गार्सियाने धोका स्वतःवर घेतला. सिद्धांतकाराला तो नेहमी घेता येत नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत सिद्धांत दुसऱ्याच्या देहावर लादू नये, एवढे तरी बंधन त्याने मानले पाहिजे.

५

महाराष्ट्रातील इतिहासाकडे वळले असता हाच प्रश्न निराळ्या रूपाने दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपनसंख्यांच्या गुणोत्तरांत निश्चिती करण्याचा प्रयत्न केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली निघाला. देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, तर ई. क्लेमेंट्स हे त्यांचे सहकारी इंग्रज न्यायाधीश. दोघांचाही पेशा संगीताचा नव्हता. स्वरांच्या पडताळणीसाठी त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले, आणि या संशोधनातून श्रुती-हार्मोनियमही तयार झाले. विष्णु नारायण भातखंडे यांना ही निश्चिती मान्य नव्हती, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुती हा वादाचा विषय ठरला. पुढे १९६३ साली जयराजभाई आणि स्टोन यांनी, आणि १९८२ साली मार्क लेव्ही यांनी प्रत्यक्ष गायन-वादनाची मोजमापे प्रसिद्ध केली. स्वरांची स्थाने कलावंतागणिक बदलतात, इतकेच नव्हे तर एकाच कलावंताच्या एकाच सादरीकरणातही ती काटेकोर स्थिर नसतात, असे त्यांतून दिसले.

देवलांना या मोजमापांच्या आधारे हसणे अन्यायाचे होईल. त्यांनी संख्या मांडल्या, म्हणूनच त्या पुढे तपासता आल्या. येथे विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. या व्यवहारात अब्दुल करीम खाँ यांचे स्थान कोणते? सिद्धांत ज्याचा, तो ग्रंथकार ठरला. गळा ज्याचा, तो पुरावा ठरला. ज्याला स्वर ‘ठाऊक’ होते तो ज्ञाता की ज्याने त्यांचे आकडे केले तो? पाश्चात्त्य धर्तीच्या विद्येत दुसऱ्याला ज्ञाता म्हणतात आणि पहिल्याला साधन. मोजणाऱ्या विद्येने गाणाऱ्या विद्येला साधनाच्या पातळीवर उतरविणे, हा परविद्याप्रवेशातील सर्वांत सूक्ष्म अन्याय होय. तो मनात दुष्टावा असण्याची वाट पाहत नाही. ग्रंथाच्या रचनेतूनच तो घडून जातो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सरकारी अर्थखात्यातील अधिकारी म्हणून १९१० साली ते नागपुरात होते, आणि वर्ष पुरे होण्याआधीच त्यांची कलकत्त्याला बदली झाली. नोकरी हिशेबाची आणि ध्यास भौतिकीचा असे त्यांचे ते दिवस होते. भारतीय तालवाद्यांवरील त्यांचा शिवकाली कुमार यांच्यासह लिहिलेला टिपणवजा निबंध १९२० साली ‘नेचर’मध्ये आला. तो कलकत्त्याच्या काळातील आहे, तेव्हा त्याचा धागा नागपूरच्या वास्तव्याशी जोडणे नागपूरकरांना कितीही सुखाचे वाटले तरी इष्ट नव्हे. वर आउएनब्रुगरच्या बाबतीत जो नियम लावला, तो स्वतःच्या गावालाही लावला पाहिजे.

रामन यांना जे आढळले ते असे. साध्या ताणलेल्या वर्तुळाकार पडद्याची कंपने परस्परांशी सुरेल नसतात. मूळ स्वर १ धरला तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३० अशा प्रमाणात येतात, आणि म्हणून सामान्य नगाऱ्याला नेमका स्वर लागत नाही. मृदंग किंवा तबला यांच्या पुडीवर मध्यभागी शाई भरली की पडद्याच्या वजनाची वाटणी बदलते, आणि ही कंपने १, २, ३, ४, ५ अशा सुरेल प्रमाणाच्या फार जवळ येतात. लोहचूर्ण आणि खळ यांचा थर चढवायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर चढवायचा आणि कानाने पारखायचे, या कारागिराच्या रोजच्या कामात कंपनशास्त्रातील एका अवघड प्रश्नाचे उत्तर दडलेले होते. रामन यांनी त्या वाद्याला केवळ वस्तू मानले नाही. ते घडविणाऱ्यांना ध्वनीचे ज्ञान होते, हे त्यांनी मान्य केले. साधन मानलेल्या माणसाला ज्ञात्याची जागा देण्याच्या दिशेने टाकलेले हे एक पाऊल होते. ते अपुरेही होते, कारण ‘प्राचीन भारतीय’ या सामूहिक नावाने श्रेय दिले की जिवंत कारागीर पुन्हा अनामिकच राहतो. शाई भरणाऱ्याला हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा वारस म्हणून नव्हे, आजचा जाणकार म्हणून नावाने ओळखणे बाकीच राहते.

६

आता साहित्यसमीक्षेला तिच्या स्वतःच्या घरात डोकावण्यास हरकत नाही. ‘कंप’, ‘अनुनाद’, ‘लय’, ‘स्पंदन’ हे शब्द मराठी समीक्षेत इतके रुळले आहेत की ते कोठून आले याची आठवण राहिलेली नाही. परविद्येचा शब्द आपल्या विद्येत कसा आणावा, याचा आदर्श मात्र नवव्या शतकातील आनंदवर्धनाने घालून दिलेला आहे. ‘ध्वनी’ ही संज्ञा त्याने व्याकरणकारांपासून घेतली, आणि हे ऋण त्याने लपविले नाही. विद्वानांत वैयाकरण हे अग्रभागी होत, त्यांनी कानावर पडणाऱ्या वर्णांना ध्वनी म्हटले, आणि त्यांचे अनुसरण करून काव्याच्या बाबतीत ही संज्ञा योजली, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्याने दिले आहे. त्यापुढे जाऊन ध्वनीच्या एका प्रकाराला त्याने अनुरणनाची उपमा दिली. घंटेचा टोल पडून गेल्यावर जसा मागाहून नाद घुमत राहतो, तसा वाच्यार्थ कळल्यावर व्यंग्यार्थ क्रमाने प्रतीत होतो.

येथे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि आनंदवर्धनाने त्यांची सरमिसळ केलेली नाही. व्याकरणाकडून त्याने संकल्पना घेतली, तेव्हा ऋण नोंदवले. घंटेकडून त्याने उपमा घेतली, तेव्हा ती उपमाच राहू दिली. घंटेच्या कंपनांवरून काव्यार्थ सिद्ध होतो असा दावा त्याने केला नाही. आधुनिक समीक्षेत ही मर्यादा नेहमीच पाळली गेलेली नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल यांची लयतत्त्वे सर्व कलांना लागू केली, तेव्हा ‘लय’ हा शब्द संगीतातील अर्थाने आला आहे की त्या अर्थाच्या विस्ताराने, यावर मराठीत दीर्घ वाद झाला, आणि रा. भा. पाटणकरांनी मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची सविस्तर चिकित्सा केली. तो वाद होऊ शकला हेच मर्ढेकरांच्या मांडणीचे श्रेय होय. ज्या लेखनात ‘अनुनाद’ हा शब्द येतो पण तो उपमा आहे की अनुमान हे लेखकालाच ठाऊक नसते, त्या लेखनाशी वादही घालता येत नाही.

म्हणून ‘अधिकार’ या जुन्या शब्दाच्या जागी त्याच परंपरेतील दुसरा शब्द ठेवावा असे सुचवता येईल, आणि तो म्हणजे ‘ऋण’. मनुष्य जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो, आणि त्यांतील ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे परंपरेने म्हटले आहे. अधिकाराची भाषा दाराशी प्रश्न विचारते : तू कोण? ऋणाची भाषा आत गेल्यावर प्रश्न विचारते : तू काय घेतलेस, कोणाकडून घेतलेस, आणि ते कसे परत करशील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्माने किंवा पदवीने देता येते. दुसऱ्याचे उत्तर केवळ आचरणाने देता येते. सदाशिवाचा निवाडाही या भाषेत अधिक नेमका होतो. त्याने आडून ऐकले, हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. ऐकलेले कोणाचे आहे हे त्याने पुढे लपवले असते, तर तो दोष ठरला असता.

७

येथपर्यंतचे विवेचन संशोधकाने विद्यांशी कसे वागावे याविषयीचे झाले. पण विद्यांचे ऋण तिन्ही घरी फेडले की सर्व हिशेब चुकता होतो काय? युरोपीय ऑपेराच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण या प्रश्नावर प्रकाश टाकते.

सतराव्या-अठराव्या शतकांतील इटालियन ऑपेरात ज्यांच्या आवाजावर प्रेक्षक लुब्ध होत, त्या पुरुषगायकांपैकी कित्येकांचे बालपणी वंध्यीकरण केलेले असे. फारिनेल्ली हा त्यांतील सर्वांत विख्यात. वयात येताना स्वरयंत्राची जी वाढ होते ती या शस्त्रक्रियेने रोखली जाई, आणि प्रौढ छातीच्या बळावर बालकाचा उंच स्वर मिळे. १७७० साली चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतेतिहासकार इटलीत फिरत असताना ही शस्त्रक्रिया नेमकी कोठे होते याची त्याने चौकशी केली. मिलानमध्ये त्याला व्हेनिसचे नाव सांगण्यात आले, व्हेनिसमध्ये बोलोन्याचे, बोलोन्यात फ्लॉरेन्सचे, फ्लॉरेन्समध्ये रोमचे आणि रोममध्ये नेपल्सचे. प्रत्येक नगराला ते गाणे हवे होते आणि ती शस्त्रक्रिया मात्र दुसऱ्या नगराची होती. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चच्या संगीतात उंच स्वरांसाठी मुलांचे आवाज योजावेत असा आदेश काढला. या परंपरेतील अखेरच्या गायकांपैकी आलेस्सांद्रो मोरेस्की याच्या १९०२ आणि १९०४ च्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात.

त्या ध्वनिमुद्रिकांसमोर तिन्ही विद्या बसल्या, तर इतिहासकार शैली ओळखील, वैद्य देहाची वाढ समजावून देईल, कंपनशास्त्रज्ञ स्वराचे पृथक्करण करील. तिघांचेही म्हणणे अचूक असेल. आणि त्या मुलाला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही विषयात बसणार नाही. इतिहासकार म्हणेल तो वैद्यकाच्या नीतीचा भाग आहे, वैद्य म्हणेल तो इतिहासाचा, आणि मोजणारा म्हणेल त्याचा मोजमापाशी संबंध नाही. बर्नीच्या प्रवासातील नगरे एकमेकांकडे बोट दाखवीत होती, तशाच विद्याशाखाही दाखवतात. तीन विद्यांची बेरीज केली म्हणून त्यातून नीती निघत नाही.

परविद्याप्रवेशाचे खरे समर्थन येथे सापडते. नावीन्यासाठी किंवा व्याप्तीच्या रुबाबासाठी दुसऱ्याच्या घरात जाण्याला फारसा अर्थ नाही. पण काही प्रश्न असे असतात की ते कोणत्याच घरचे नसल्याने सर्व घरांबाहेर उभे राहतात, आणि जो घराघरांतून हिंडतो त्यालाच ते भेटतात. बर्नी नगरानगरांतून हिंडला म्हणूनच त्याला ती टोलवाटोलवी दिसली. एकाच नगरात राहिला असता तर त्याला एकच उत्तर मिळाले असते आणि ते त्याला खरे वाटले असते. हिंडणाऱ्याचे कर्तव्य त्यामुळे दुहेरी आहे. प्रत्येक घरात त्याने तेथल्या न्यायाने तपासले जाण्यास तयार असावे, आणि कोणत्याच घराने न स्वीकारलेला प्रश्न त्याने सर्व घरांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवावा.

याचे काही व्यावहारिक परिणाम संभवतात, आणि ते लहान वाटले तरी टाळण्यासारखे नाहीत. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६० पासूनची विश्वेश्वरय्यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था ही एकाच शहरात, एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत. मराठी विभागात संगीत नाटकातील गायनावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी स्वरतंतूंवर एक आणि कंपनांवर एक अशी दोन प्रकरणे लिहीत असेल, तर ती प्रकरणे वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या अध्यापकांनी वाचलेली असणे ही शिष्टाचाराची बाब नसून सचोटीची बाब आहे. केवळ मराठीच्या परीक्षकांनी त्यांना मान्यता देणे म्हणजे ज्या न्यायासनापुढे खटला चालायला हवा ते टाळून दुसऱ्यापुढे तो चालवणे होय. त्याच प्रबंधात ज्या गायकाने तासन् तास बसून गळ्याच्या खुब्या सांगितल्या आणि ज्या कारागिराने शाई भरताना हात थांबवून कारण समजावले, त्यांची नावे ऋणनिर्देशाच्या पानावरून उचलून मुख्य विवेचनात, ज्ञात्यांच्या रांगेत आली पाहिजेत. आणि ज्यांचा गळा, ज्यांचे दुखणे किंवा ज्यांचे श्रम अभ्यासाचा विषय झाले, त्यांना त्या अभ्यासातून काय परत गेले, या प्रश्नासाठी प्रबंधात एक तरी प्रकरण राखून ठेवले पाहिजे.

खाँसाहेबांच्या हातातील कट्यार आता कोणी उपसत नाही, आणि ती उपसली जावी असे कोणी म्हणणारही नाही. पण ती म्यान झाली म्हणून विद्या फुकट झाली असे नव्हे. पूर्वी दाराशी घेतली जाणारी किंमत आता आत गेलेल्याने आपणहून मोजायची आहे, आणि ती मागायला कोणी येणार नाही, एवढाच काय तो फरक पडला आहे.